चहाटळ, वरीलप्रमाणे

वजनमापांच्या कचेरीत तराजू पाच होते आणि काटे सहा. सहावा काटा म्हणजे खिडकीपासून तिसऱ्या टेबलावर बसणारा निरीक्षक. तोंडावर सगळे त्याला काटेसाहेब म्हणायचे, पाठीमागं नुसता काटा. आडनावाशी याचा काही संबंध नव्हता. तराजूचा काटा मधोमध उभा राहतो, ना इकडं ना तिकडं, तसा हा माणूस सत्तावीस वर्षं उभा होता, म्हणून हे नाव पडलं होतं.

दुकानदार आपापली वजनं पिशव्यांत घालून आणायचे. काटा एकेक वजन पारड्यात ठेवायचा. हलकं निघालं तर बुडाच्या भोकात चिमूटभर शिसं भरायचा, जड निघालं तर थोडं खरवडायचा, आणि शिशावर वर्षाचा ठसा मारून वजन परत द्यायचा. या सगळ्यात त्याच्या तोंडावरची माशी हलायची नाही. चहाच्या वेळी कुणी विनोद सांगितला की सगळे हसायचे आणि काटा शांतपणे विचारायचा, मग पुढं काय झालं? पुढं काही नाही, विनोद संपला, असं कुणीतरी सांगितलं की तो ‘अस्सं’ म्हणून कप धुवायला उठायचा. त्याच्यासमोर विनोद सांगणं म्हणजे स्वतःच्या हातानं स्वतःची फजिती करून घेणं, हे नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कळायचं.

अशा माणसाला हवंसं काय वाटणार, असं कुणालाही वाटेल. पण त्याला एक गोष्ट हवी होती, आणि ती फार हवी होती. आतल्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं. त्यात मखमलीच्या खाचांत चौदा प्रमाण वजनं ठेवलेली होती. शहरातल्या झाडून सगळ्या वजनांनी ज्यांच्यापुढं मान खाली घालायची, ती ही वजनं. उघड्या हातानं धरलं तर घामानं फरक पडतो, म्हणून मऊ फडक्यातच धरायची, आणि तीही एकट्या मुख्य निरीक्षकानं. कपाटाची किल्ली त्याच्याच कमरेला. काट्यानं एवढ्या वर्षांत ती वजनं चार वेळा पाहिली होती, चारही वेळा दाराच्या फटीतून. आता मुख्य निरीक्षक निवृत्त झाले होते, पाळी काट्याची होती, आणि त्याच्या स्वतःच्या निवृत्तीला अकरा महिने उरले होते. त्याच्या मागं पाळी होती ती त्याच्या समोरच्या टेबलावर एकोणीस वर्षं बसलेल्या गृहस्थाची, ज्याला सगळे समोरचाच म्हणायचे. समोरच्याकडं अजून सहा वर्षं होती. काट्याला आता नाही तर कधीच नाही.

सोमवारी साहेबांनी त्याला आत बोलावलं. साहेब नवे होते, वयानं त्याच्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठे, आणि नियमाला पक्के. त्यांच्यापुढं काट्याचं सेवापुस्तक उघडं होतं. बाकी सगळं चोख आहे, साहेब म्हणाले, एक दिवसाची गैरहजेरी नाही, एक तक्रार नाही. फक्त शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी आहे ते समजत नाही. त्यांनी पुस्तक त्याच्याकडं फिरवलं.

रकान्यात सगळ्यात वर लाल शाईनं एकच शब्द होता, ‘चहाटळ’. त्याखाली दरवर्षी वेगवेगळ्या अक्षरात, वेगवेगळ्या साहेबांच्या सहीनं लिहिलं होतं, ‘वरीलप्रमाणे’. सव्वीस वेळा.

त्या कचेरीची पद्धतच ती होती. साहेब यायचे, दोन-तीन वर्षं बसायचे आणि जायचे. वर्षअखेरीला चाळीस सेवापुस्तकं समोर यायची, तेव्हा आधीच्यानं काय लिहिलंय ते बघून ‘वरीलप्रमाणे’ लिहिलं की हात मोकळे. चहाटळ म्हणजे काय, हे त्यातल्या निम्म्यांना ठाऊक नव्हतं आणि विचारण्यात कमीपणा होता. एका साहेबांनी तो काहीतरी आजार असावा अशा समजुतीनं तीन वर्षं काट्याशी दारातूनच बोलणं केलं होतं. दुसऱ्यांनी शब्दातला चहा तेवढा ओळखला आणि या माणसाला आपल्या खोलीत चहा म्हणून द्यायचा नाही असा दंडक घातला. काट्याला वाटायचं, शिस्तीचे साहेब आहेत.

“म्हणजे काय हे?” साहेबांनी विचारलं.

काट्याला अर्थ माहीत होता. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. थट्टेखोर, त्यानं सांगितलं. थट्टा करणारा, जिभेला हाड नसलेला, असं काहीसं. जुना शब्द आहे, आता कुणी वापरत नाही.

एवढ्यावर अर्थ संपत नाही, पण साहेबांना सांगायला एवढा पुरे होता. थट्टेखोर माणूस थट्टा करतो आणि आपणही हसतो. चहाटळ माणूस थट्टा करून वर साळसूदपणे उभा राहतो, आणि हसू न आवरणाऱ्यालाच उलट विचारतो, काय झालं बुवा? आधीच्या पिढीतल्या बायकांच्या तोंडी तो शब्द फार. ‘चहाटळ मेला’ म्हणायचं, दुसरीकडं बघायचं आणि तोंडावर हात घ्यायचा. दिसायला शिवी, पण दिली जायची हसू लपवायला. खऱ्या रागासाठी त्या बायकांकडं दुसरे शब्द होते, आणि ते भरपूर होते. एकही दात न दाखवता, लाल शाईत, हा शब्द लिहिणारे काट्याचे पहिले साहेबच काय ते निघाले.

त्यांना जाऊन आता बारा वर्षं झाली होती. ते का लिहिलं गेलं, हे मात्र काट्याला लख्ख आठवत होतं. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. या पहिल्या साहेबांचा जेवणाचा डबा चार मजली होता आणि तो संपवून ते तासभर डुलक्या घ्यायचे. एकदा काट्यानं त्या डब्याच्या झाकणावर कचेरीचा कागद चिकटवला, त्यावर लिहिलं, ‘मालाचे वजन मालकाच्या वजनाशी जुळत नाही. फेरतपासणी आवश्यक’, आणि खाली रीतसर ठसा मारला. मस्करीची कुस्करी व्हायला वेळ लागला नाही. साहेबांनी सगळ्यांना उभं करून व्याख्यान दिलं. हसणाऱ्या माणसाचा हात हलतो, हात हलला की पारडं हलतं, आणि या खात्यात पारडं हलवणारा माणूस चोरच. नोकरीत कायम व्हायला काट्याचे आठ महिने राहिले होते आणि घरात महिन्याची मुलगी होती. त्या दिवशी त्यानं कानाला खडा लावला.

आता नव्या साहेबांपुढं पेच होता. प्रमाण वजनं ज्याच्या हातात द्यायची त्याचं पुस्तक कोरं हवं. शेरा लिहिणाऱ्यानंच तो मागं घ्यायचा, पण लिहिणारा वर गेलेला. मग साहेबांनी नियमावली काढली, चष्मा पुसला आणि वाट शोधली. तीन सहकाऱ्यांची आणि घरच्या एका माणसाची सही असलेली निवेदनं आणायची. मजकूर ठरलेला होता, ‘सदर इसम चहाटळ नाही व पूर्वीही कधी नव्हता.’ गुरुवारी सकाळी दहापर्यंत चारही कागद आले की शेरा रद्द आणि किल्ली काट्याला. साहेबांना त्याला किल्ली द्यायचीच होती, हे त्यांच्या बोलण्यावरून दिसत होतं.

सहकाऱ्यांच्या सह्यांना पाच मिनिटं लागली. शिपायानं तर मजकूर वाचलाही नाही, नुसतं काट्याच्या तोंडाकडं बघितलं आणि सही ठोकली. टंकलेखक बाईंनी विचारलं, यावर शंका तरी कुणी घेतली? स्वतःची पाळी मागं जात असूनही समोरच्यानं खळखळ केली नाही. उलट सहीखाली आपणहून एक ओळ वाढवली, ‘एकोणीस वर्षे समोर बसून खात्री करून घेतली आहे.’ काट्यानं सगळ्यांचे आभार मानले. जागेवर येऊन बसल्यावर त्याला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्यातून काहीतरी टोचत होतं. एकानं तरी क्षणभर पेन थांबवायला हरकत नव्हती, असं त्याला वाटलं आणि असं का वाटावं हे कळेना.

घरच्या सहीची त्याला काळजीच नव्हती. बायको घरी कपडे बेतून आणि दुरुस्त करून द्यायची. पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं शिवणयंत्र होतं आणि खोलीत कायम कुणाच्यातरी पँटा टांगलेल्या असायच्या. त्यानं कागद तिच्यापुढं ठेवला आणि कुठं सही करायची ते बोट ठेवून दाखवलं. तिनं कागद वाचला. दोनदा वाचला. मग तो यंत्राच्या खणात ठेवून दिला आणि पायानं यंत्र सुरू केलं.

मंगळवारी सकाळी कागद खणात तसाच कोरा होता. घाईत विसरलीस का, त्यानं विचारलं. ती म्हणाली, विसरले नाही. खोट्यावर मी सही करत नाही.

काट्याला आधी वाटलं, तिनं मजकूर नीट वाचला नाही. त्यानं समजावून सांगितलं. ती ऐकून घेत होती. मग तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं, आतल्या खोलीत गेली आणि चिंध्यांच्या पेटीच्या तळातून एक चौकोनी घडी घेऊन आली. कचेरीचाच कागद होता, पिवळा पडलेला. घडीवर विरून त्याचे चार तुकडे व्हायला आले होते, ते तिनं मागून कापड लावून शिवले होते.

त्यावर लिहिलं होतं, ‘तपासणी दाखला. वस्तू: मुलगी, नग एक. वजन: तीन किलो शंभर ग्रॅम. खोट: आढळली नाही. आवाज: प्रमाणाबाहेर. मुदत: आजन्म. फेरतपासणीची गरज नाही.’ खाली त्याची सही आणि ठसा.

“दवाखान्यात आणून दिला होता तुम्ही,” ती म्हणाली. “टाके तुटतील म्हणून नर्सबाई मला हसू देत नव्हत्या. तुमच्या आई दाराशी उभ्या राहून म्हणत होत्या, चहाटळ मेला, बाळंतिणीला मारतोय. आणि हे इथं लिहायचं, पूर्वीही कधी नव्हता?”

काट्याला तो कागद आठवत नव्हता. अक्षर त्याचंच होतं. लिहिलेलं वाचून त्याला हसू आलं असतं, पण कुणा दुसऱ्यानं लिहिल्यासारखं ते वाटत होतं. त्यानं डब्याची गोष्ट सांगितली. ती तिलाही ठाऊक होती. त्या वेळी त्यानंच तिला सांगितलं होतं, की आता आठ महिने गप्प राहतो, एकदा नोकरीत कायम झालो की पुन्हा सुरू.

“झालो की कायम,” तो म्हणाला.

“झालात. मी त्या दिवशी वाट बघत बसले होते. वाटलं, आज काहीतरी बोलाल. तुम्ही घरी आलात, हात धुतलेत आणि म्हणालात, उद्या लवकर जायचंय.” तिनं कागदाची घडी घातली. “मग वाटलं, महिन्याभरानं. मग वाटलं, मुलगी मोठी झाली की. सत्तावीस वर्षं थांबलेय मी. आता सही करायची म्हणजे मी थांबले होते ती कुणासाठी, ते सांगा.”

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. काट्याची जितेपणीच गेली होती, आणि कधी गेली तेही याला कळलं नव्हतं. त्यानं मुद्दाम सोडली नव्हती. आठ महिन्यांसाठी बाजूला ठेवली होती आणि ठेवल्याची जागा विसरला होता. त्याला बायकोचा राग आला नाही. स्वतःची लाज वाटली, आणि भीतीही वाटली, कारण दोन दिवसांत सही हवी होती आणि बायकोचं म्हणणं खरं होतं.

त्यानं विचार केला, की आपल्यात तसं काही उरलंच नसेल तर सही खोटी ठरणार नाही, आणि उरलं असेल तर ते तिला दाखवता येईल. दोन्हीपैकी काय ते ताडून बघायला हवं. माणूस निरीक्षकच पडला, त्यामुळं त्यानं तपासणी सुरू केली.

मंगळवारी संध्याकाळी तो कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात साखर घ्यायला गेला. दुकानदार साखर तोलत होता, तराजू जरा थरथरत होता. काटा म्हणाला, तुमच्या तराजूला थंडी वाजून ताप आलेला दिसतो. दुकानदाराची पाचावर धारण बसली. त्यानं हातातली साखर सोडली, दुकानातली होती नव्हती तेवढी वजनं काउंटरवर उलटी मांडली, गेल्याच महिन्यातले ठसे दाखवले, आणि ते बघून झाल्यावर हात जोडून विचारलं, की तक्रार नेमकी कुणी केली. काट्यानं सांगितलं, मी गंमत केली. दुकानदार म्हणाला, हो साहेब, आणि आणखी घाबरला. घरी येऊन बघितलं तर पुडीत पाव किलो साखर जास्त. ती परत करायला काटा पुन्हा गेला, तेव्हा दुकानदारानं त्याला लांबून येताना बघूनच दुकानाची फळी खाली ओढली.

बुधवारी मुलीचा फोन आला. जावई कामासाठी परगावी गेलेत, चार दिवस एकटीच आहे, असं ती म्हणाली. काट्यानं मनाशी जुळवाजुळव केली आणि विचारलं, गेलेत की घालवून दिलेस? मग मुलीनं हळूच विचारलं, बाबा, तुम्हाला कुणी काही सांगितलं का आमच्याबद्दल? त्यानं घाईघाईनं नाही म्हटलं. मुलगी म्हणाली, तुमची तब्येत बरी आहे ना? आईला फोन द्या जरा. बायको फोनवर नुसतं हं हं करत होती आणि त्याच्याकडं बघत होती. त्या रात्री तिनं काही विचारलं नाही, पण ताटात वाढताना तिचा चेहरा मऊ झाला होता.

गुरुवारी साडेनवाला काट्यानं कचेरीत आपली कागदांची पिशवी उघडली. तीन निवेदनं टाचणी लावून ठेवली होती. त्याखाली चौथं होतं. ‘सदर इसम चहाटळ नाही व पूर्वीही कधी नव्हता.’ खाली बायकोची सही, शाळेत गिरवल्यासारख्या गोल अक्षरात, आणि नात्याच्या रकान्यात ‘पत्नी’. त्यानं केलेली तपासणी तिनं पाहिली होती. धडपडणाऱ्या माणसाची तिला दया आली होती, आणि हट्ट सोडून तिनं त्याला त्याची किल्ली देऊन टाकली होती.

खोट्यावर सही करत नाही म्हणणाऱ्या बाईनं खोट्यावर सही केली होती, आणि ती आपल्यासाठी. काटा ती ओळ वाचत राहिला. ‘चहाटळ नाही’ इथपर्यंत त्याची हरकत नव्हती. ते आता जवळपास खरंच होतं, दुकानदारानं आणि मुलीनं तशी साक्ष दिलीच होती. पण पुढचे शब्द त्याच्या घशाखाली उतरेनात. पूर्वीही कधी नव्हता, म्हणजे दवाखान्याच्या दारात त्याची आई कुणाला काही म्हणाली नव्हती. म्हणजे टाक्यांवर हात दाबून कुणी हसलं नव्हतं. हा कागद आत गेला की ते सगळं घडलंच नाही असं कचेरीच्या दप्तरात कायमचं होणार होतं, आणि ते झालं होतं असं म्हणणारी जगात एकच बाई होती, तिच्याच सहीनं.

दहाला पाच मिनिटं कमी असताना तो साहेबांच्या खोलीत गेला आणि तीन कागद टेबलावर ठेवले. चौथा, साहेबांनी विचारलं. चौथा नाही, तो म्हणाला. साहेब चांगले होते. त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं, घरचा माणूस म्हणजे बायकोच पाहिजे असं नाही, भाऊ चालेल, मेहुणा चालेल, अगदीच नाही तर दुपारपर्यंत वेळ देतो.

“नको साहेब,” काटा म्हणाला. “शेरा बरोबर आहे. मी चहाटळच आहे. मधली काही वर्षं जमलं नाही, एवढंच.”

साहेबांनी त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं. तिथं नेहमीप्रमाणेच काही दिसत नव्हतं. हसावं की समज द्यावी हे त्यांना ठरवता येईना, कारण नियमावलीत त्यासाठी कलम नव्हतं. तुम्हाला कळतंय ना याचा परिणाम काय, त्यांनी विचारलं. कळतंय, काटा म्हणाला. मग साहेबांनी सुस्कारा टाकला आणि घंटी वाजवून समोरच्याला बोलावलं.

किल्ली घेताना समोरचा खाली मान घालून उभा होता. काट्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला, जाऊन आपल्या टेबलाशी बसला, आणि आतल्या खोलीचं दार उघडं होतं म्हणून जे दिसलं ते बघितलं. मग त्यानं आयुष्यातला पहिला अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहिला.

साडेअकराला तो दारात दिसल्यावर बायको यंत्रावरून तटकन उठली. हा माणूस या वेळी घरी म्हणजे एक तर कचेरी पडली किंवा हा पडला. तिनं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला, मग त्याच्या कमरेकडं पाहिलं. किल्ली कुठाय, तिनं विचारलं. त्यानं पिशवीतून तिचा कागद काढून तिच्या हातात दिला. ती तिथंच बसली.

“अहो, केली होती ना मी सही,” ती म्हणाली. “दिली का नाहीत?”

खोटं होतं म्हणून, तो म्हणाला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या हट्टापायी गेली, ती म्हणाली, एवढी वर्षं एक गोष्ट मागितलीत आणि ती मी घालवली. ती रडायला लागली, आणि ती सहसा रडत नसे, त्यामुळं तिला ते नीट जमतही नव्हतं. काटा तिच्यापुढं उभा होता. त्यानं पाणी आणून दिलं. ते तिनं घेतलं नाही. मग तेच पाणी तो स्वतः प्यायला, आणि त्यानं तोंड उघडलं.

“घालवली ते बरंच केलंस,” तो म्हणाला. “समोरच्यानं किल्ली लावली आणि ती नुसतीच गोल फिरायला लागली.”

तिनं डोळे पुसत विचारलं, म्हणजे?

“म्हणजे फिरतच राहिली. शिपायानं तेल आणलं. तेल घातल्यावर आणखी छान फिरायला लागली. समोरचा अर्धा तास फिरवत होता, शेवटी त्याला घेरी आली. मग साहेब आले. म्हणाले, नियमाप्रमाणे आधी मागून फट आहे का ते वरून बघायला हवं. स्टूल आणलं. ते आपल्याच खात्यानं नापास केलेलं, एक पाय आखूड. साहेब चढले. स्टूल गेलं एकीकडं, आणि साहेब राहिले कपाटाला धरून लोंबकळत.”

“काहीतरीच.”

“टंकलेखक बाई खालून विचारतात, साहेब, याची नोंद आवक करू की जावक?”

तिच्या नाकातून आवाज आला. त्याचा चेहरा ठसा मारताना असायचा तसाच होता. त्याचं त्यालाही नवल वाटत होतं, कारण पुढचं वाक्य काय येणार हे त्याला माहीत नव्हतं आणि ते येत मात्र होतं.

“साहेबांच्या वजनानं दार उघडलं. कुलूप कधी लावलेलंच नव्हतं.”

“आणि आत?”

“आत दुसरं कपाट.”

“आणि त्याची किल्ली?”

“अर्ज केलाय.”

ती हसली. आधी तोंडावर हात घेऊन, मग हात सुटला, मग पोट धरून. टांगलेल्या पँटांपैकी एक ओढून तिनं डोळे पुसले आणि ती गिऱ्हाइकाची आहे हे लक्षात आल्यावर आणखी हसली. तिची मुरकुंडी वळली. पुरे, पुरे, असं ती हातानं सांगत होती. काटा समोर उभा राहून साळसूदपणे तिच्याकडं बघत होता, आणि त्याच्या छातीत इतकं भरून आलं होतं की एक पाऊल टाकलं असतं तर तो पडला असता.

“खरंच असं झालं?” दम लागल्यावर तिनं विचारलं.

तिला खोटं सांगायची त्याला सवय नव्हती.

“नाही,” तो म्हणाला. “कपाट पहिल्या झटक्यात उघडलं. समोरच्यानं एकेक वजन फडक्यात धरून बाहेर काढलं, फार जपून. मी माझ्या जागेवरून बघत होतो. चौदाही मोजली. फार सुंदर आहेत गं.”

बायको त्याच्याकडं बघत राहिली. तिच्या हातात अजून ती पँट होती. मग तिनं शेजारची खुर्ची पायानं पुढं ढकलली.

“ते नको,” ती म्हणाली. “बसा इथं. साहेब स्टुलावर चढले ना, तिथून सांगा.”

काटा बसला. त्यानं जरा विचार केला, आणि साहेबांना पुन्हा स्टुलावर चढवलं.